व्रात्य कुठला!

शेजारच्या काकूंनी तुमच्या मुलाला 'व्रात्य' म्हटले तर सहसा राग येत नाही. 'भारी व्रात्य आहे हो तुमचा चिरंजीव' या तक्रारीला बहुतेक आया हसून दुजोरा देतात आणि वर त्याचे आणखी दोन प्रताप ऐकवतात. त्याच काकू 'टवाळ आहे' म्हणाल्या तर पुढच्या गप्पांतली मजा जाते. 'खोडसाळ आहे' म्हणाल्या तर जाणेयेणेच बंद होण्याचा संभव. खोड्या करणाऱ्याला मराठीत नावे पुष्कळ आहेत: खोडकर, खट्याळ, अवखळ, वात्रट, द्वाड, हूड, वांड, नाठाळ, उपद्व्यापी, इब्लिस, डांबिस. पण यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवायला जावे तर तो नीट बसत नाही. अवखळ पोराच्या मनात काहीच नसते, ते नुसते धावत असते. खोडकराच्या मनात असते, पण गंमत असते. वात्रटपणा बहुतेक वेळा तोंडाने केला जातो आणि द्वाडपणा हातापायांनी. व्रात्याला दोन्ही जमते. कपाळावर आठ्या आणि ओठांवर हसू असा चेहरा करून उच्चारायचा हा शब्द आहे. 'व्रात्य कुठला!' म्हणताना आजीने उगारलेला हात खाली येतो तो पाठीवर, आणि तोही हलकेच.

या सगळ्या नावांत 'व्रात्य' सर्वांत जुना. आणि गंमत अशी की त्याचा जन्म ना स्वयंपाकघरात झाला, ना शाळेत. तो वेदातून आला आहे, आणि तिथे त्याचा लहान मुलांशी काही संबंध नव्हता.

अथर्ववेदाचे १५वे कांड सगळेच्या सगळे व्रात्याबद्दल आहे. ते 'व्रात्यकांड' म्हणूनच ओळखले जाते, आणि ते गद्यात आहे. यातला व्रात्य हा फिरता, गूढ, काहीसा भयंकर पुरुष आहे. तो एकेका दिशेला चालू लागतो तसे देव त्याच्या मागून निघतात. दिवस हे त्याचे पागोटे, रात्र हे त्याचे केस. एकदा तो वर्षभर नुसता उभा राहतो. देव विचारतात, व्रात्या, उभा का? तो म्हणतो, बसायला आसन आणा. मग त्याच्यासाठी आसन तयार होते आणि त्या आसनाला ऋतूंचे पाय असतात. हा व्रात्य राजाच्या दारी पाहुणा म्हणून आला तर राजाने त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावे, असे हे कांड सांगते. यजमान अग्निहोत्राला बसलेला असताना व्रात्य आला तर यजमानाने उठून त्याची परवानगी मागावी. त्याने हो म्हटले तरच आहुती द्यावी. इतकेच काय, जो खरा व्रात्य नाही पण स्वतःला व्रात्य म्हणवतो अशा तोतयाचाही विचार तिथे केलेला आहे. तो घरी आला तरी ज्या देवतेचे नाव तो घेऊन आला आहे तिला पाणी देतो आहोत अशा भावनेने त्याला पाणी द्यावे.

हे झाले स्तोत्र. सामवेदाच्या पंचविंश ब्राह्मणात, म्हणजे तांड्य ब्राह्मणात, सूर एकदम बदलतो. त्याच्या १७व्या अध्यायात व्रात्यांना वैदिक समाजात घेण्याचे विधी दिले आहेत. त्यांना व्रात्यस्तोम म्हणतात आणि ते चार प्रकारचे आहेत. लहान वयापासून व्रात्य असलेल्यांसाठी वेगळा स्तोम, अंगातली रग ओसरलेल्या म्हाताऱ्यांसाठी वेगळा. विधीच्या आधी त्या लोकांचे वर्णन येते आणि ते वाचताना शाळेतल्या तक्रारवहीचे पान समोर उघडल्यासारखे वाटते. हे लोक अभ्यास करीत नाहीत. शेती करीत नाहीत, व्यापारही करीत नाहीत. दुसऱ्यासाठी रांधलेले अन्न खाऊन टाकतात. ज्याला मारू नये त्याला काठीने मारीत फिरतात. जे उच्चारायला मुळीच अवघड नाही ते अवघड आहे म्हणतात. आणि दीक्षा घेतलेली नसताना दीक्षितांची भाषा बोलतात.

शेवटच्या दोन मुद्द्यांवर अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. जोडाक्षरे बोलायला अवघड वाटणारे हे लोक बहुधा प्राकृतासारखी काही बोली बोलत असावेत, असा एक तर्क आहे, आणि तो मला पटतो. पण मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेते ती दुसरी तक्रार. दीक्षा नसताना दीक्षितांची भाषा बोलणे! मोठ्यांच्या गप्पांत नाक खुपसून त्यांच्याच शब्दांत त्यांना उत्तर देणाऱ्या सात वर्षांच्या पोराबद्दल आपली तक्रार याहून काय वेगळी असते? त्यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, 'आगाऊ'. घरमालकाला द्यायची रक्कमही आगाऊ आणि हे पोरगेही आगाऊ. दोघेही वेळेच्या आधी आलेले.

तांड्य ब्राह्मणातले व्रात्य दिसायलाही मजेदार आहेत. डोक्याला पागोटे, हातात बैल हाकण्याची पराणी, एक धनुष्य, फळ्या टाकलेला आडवाटेचा गाडा, काळ्या काठाचे वस्त्र, एक काळे आणि एक पांढरे अशी दोन कातडी, गळ्यात चांदीचा दागिना. शुद्ध होताना हे सगळे सामान टाकून द्यायचे असे. आणि ते द्यायचे कोणाला? जे अजून व्रात्य म्हणून हिंडताहेत त्यांना, किंवा मगध देशातल्या एखाद्या नामधारी ब्राह्मणाला. मगध हा तेव्हा वैदिकांच्या दृष्टीने वाकडा मुलूख होता, हेही या तरतुदीवरून कळते.

शब्दाची फोड 'व्रात' या शब्दाकडे नेते. व्रात म्हणजे टोळी, जमाव. 'व्रत' शब्दाशीही त्याचे नाते लावतात. पण टोळीचा धागा अधिक बळकट दिसतो. पाणिनीच्या एका सूत्रात व्रातावर जगणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि त्यावर लिहिताना पतंजलीने व्रात म्हणजे कोण ते सांगून ठेवले आहे: नाना जातींचे, ठरावीक धंदा नसलेले, अंगमेहनतीच्या बळावर जगणारे संघ. ही टोळीची खूण मराठीतही अजून टिकून आहे, असे मला वाटते. एकटे मूल खोडकर असते, पण 'व्रात्य' म्हटले की डोळ्यांसमोर बहुधा वाडाभर हुंदडणारी चारपाच पोरे येतात आणि त्यांचा एक म्होरक्या.

मग धर्मशास्त्रकारांनी हा शब्द ताब्यात घेतला आणि टोळी पुसून टाकली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाची शेवटची मुदत दिली आहे: ब्राह्मणाला १६ वर्षे, क्षत्रियाला २२, वैश्याला २४. ही मुदत टळली तर तो मनुष्य सावित्रीपासून पतित झाला, व्रात्य झाला, त्याच्याशी बेटीव्यवहार नको. दहाव्या अध्यायात तर मल्ल, लिच्छवी, खस, द्रविड अशी आख्खी कुळे आणि लोकसमूह व्रात्य क्षत्रियांचे वंशज ठरवून टाकले आहेत. बुद्धाच्या काळात मानाने नांदलेली गणराज्ये या एका शब्दाने चुकार ठरली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या व्रात्यांची आणि त्यांच्या प्रायश्चित्तांची तपशीलवार चर्चा केली आहे. ती वाचताना पदोपदी जाणवते की हा शब्द गमतीचा नव्हता. त्याने माणसे पंगतीतून उठवली आहेत.

असा जबर शब्द आठ वर्षांच्या पोरावर येऊन कसा बसला?

माझा तर्क असा. मुंजीचे शास्त्रोक्त वय ब्राह्मणाला आठ. त्याआधीच्या मुलाबद्दल गौतम धर्मसूत्रात फार समजूतदार नियम आहे: उपनयनापूर्वी मुलाने हवे तसे वागावे, हवे ते बोलावे, हवे ते खावे. म्हणजे ज्याची मुंज झाली नाही त्याला विधिनिषेध नाही. शास्त्रात मुदत टळलेला तो व्रात्य. पण घरातल्या बोलण्यात मुदतीचा हिशेब कोण ठेवणार? मुंज झालेली नाही, ताळतंत्र नाही, सोवळ्यातल्या माणसाला शिवतो, नैवेद्याआधी मोदक पळवतो, तेव्हा हा व्रात्यच. सोवळ्यातली आजी तो शब्द रागाने उच्चारत असेल. पण ज्याच्यावर उच्चारायची तो तिचा नातू होता. बहिष्काराचा शब्द नातवावर फार काळ कडू राहू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असा तोंडी घोळून त्याचे विष उतरले आणि मागे नुसती खोडी राहिली. मुंज ज्यांच्याकडे कधी होतच नव्हती अशा घरांतही मग हा शब्द गेला. आज तो वापरणाऱ्या शंभरांतल्या फार थोड्यांना त्याचा मुंजीशी संबंध आठवत असेल.

मुंजीच्या पलीकडच्या बाजूलाही आपल्या लोकांनी एक खोडकर बसवून ठेवला आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला तर त्याचा मुंज्या होतो आणि तो पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात आणि घाटावरही आहे. मुंज्या हे भुतांमधले पोरच. ते मोठ्या समंधासारखे घराणी बुडवीत बसत नाही. दगड मारते, वाट चुकवते, हट्ट धरते. २०२४ साली 'मुंज्या' नावाचा हिंदी चित्रपट देशभर चालला तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या लोकांना हे भूत नवीन होते. इथल्या लोकांना त्याचा फक्त मोठा पडदा नवीन होता.

मुलींचे काय? मनूच्या हिशेबात स्त्रीचा विवाह हेच तिचे उपनयन, त्यामुळे तिने व्रात्य होण्याचा प्रश्नच नव्हता. आज 'व्रात्य मुलगी' म्हणतात, पण तेवढ्या सहजपणे नाही. मुलीने तीच खोडी केली तर शब्द वेगळे निघतात: भोचक, चोंबडी, आगाऊ, फटकळ. 'टवाळ' मुलगा कट्ट्यावर बसून वेळ घालवतो, एवढाच त्याचा गुन्हा; 'टवळी' ही मात्र थेट शिवी आहे. अपवाद 'द्वाड'चा. हा शब्द मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारख्याच मायेने लागतो. कारण कदाचित असे की तो माणसांचा शब्द कधी नव्हताच, गोठ्यातून आलेला आहे.

गोठ्याने या बाबतीत मराठीला भरपूर दिले आहे. लाथा मारणारी गाय द्वाड. मारल्याशिवाय न चालणारा बैल नाठाळ. कळप सोडून दुसऱ्याच्या शेतात तोंड घालणारे जनावर ओढाळ. त्याच्या गळ्यात लाकडाचे लोढणे बांधतात, म्हणजे पळताना ते गुडघ्यांवर आपटते. बहिणाबाईंनी मनाला हे ओढाळपण त्यांच्या खानदेशी उच्चारात चिकटवले, आणि मन म्हणजे पिकातले ढोर हे साऱ्या महाराष्ट्राला पटले. गावाकडे अजूनही पोराला ओढाळ म्हणताना त्याच्या खोडीपेक्षा त्याचे घरात न टिकणे मनात असते. शहरात गोठे गेले तसे हे शब्दही पातळ झाले. नाठाळ म्हणजे नेमके काय ते बैल न हाकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागते.

आणि मग दुसरी मोठी आवक फारसी-अरबीतून. मुसलमानी राजवटींच्या चारएकशे वर्षांत मराठीने दप्तराचे शब्द घेतले हे सगळे जाणतात. खोड्यांचे शब्दही घेतले. 'मस्करी' अरबी 'मस्खरा'तून आली. 'वाह्यात' तिकडचाच. 'इब्लिस' हे तर कुराणात सैतानाचे नाव: आदमला मातीतून घडवल्यावर त्याच्यापुढे वाकायला सांगितले तेव्हा मी आगीतून घडलो, मी मातीपुढे वाकणार नाही, म्हणून अडून बसलेला तो इब्लिस. एवढ्या मोठ्या बंडखोराचे नाव आपण बरणीतला लाडू चोरणाऱ्याला दिले. सैतानाचे नाव पोराला देताना कोणाला भीती वाटली नाही, आणि पोरालाही वाटत नाही. 'डांबिस' हा गोऱ्या साहेबाच्या एका इंग्रजी शिवीवरून आला अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. ती ऐकायला छान आहे, आणि म्हणूनच मी तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

व्रात्य, इब्लिस, नाठाळ ही नावे एका रांगेत ठेवली की मराठी माणसाची एक सवय दिसते. जातीबाहेरचा, स्वर्गाबाहेरचा, कळपाबाहेरचा, अशा प्रत्येकाचे नाव त्याने घरातल्या पोरासाठी वापरले आहे. बाहेरच्याची भीती होती ती अशा रीतीने मांडीवर घेतली गेली. पण ही मुभा वयाची आहे. तिशीच्या माणसाला व्रात्य म्हणून पाहा. ऐकणारा आधी तुमच्याकडे बघेल. ऑफिसात सहकाऱ्याचा डबा लपवणारा चाळिशीचा गृहस्थ व्रात्य नसतो. तो आवडता असेल तर 'वात्रट', नावडता असेल तर 'टवाळ'. समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर टाकली, आणि त्या एका शेऱ्यामुळे मराठी विनोदी लेखकांना पुढे तीनशे वर्षे खुलासे देत बसावे लागले.

मोठ्या माणसाच्या खोड्यांत बुद्धी दिसली तर मात्र भाषा दरबारी होते. 'वल्ली' हा अरबी 'वली'चा मराठी अवतार. वली म्हणजे ईश्वराच्या जवळचा, संत. त्याचेच अनेकवचन 'औलिया', आणि आपण ते अनेकवचन एका माणसाला लावून 'अवलिया' करून टाकले. फकिरांच्या विक्षिप्त वागण्याकडे बघून हे झाले असावे. पु. ल. देशपांड्यांनी 'व्यक्ती आणि वल्ली' लिहिले, त्याला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून वल्ली म्हणवून घेण्यात कोणाला कमीपणा वाटेनासा झाला. त्यातल्या रत्नागिरीच्या अंतू बर्व्याला व्रात्य म्हणता येणार नाही, टवाळ म्हणणे हा अन्याय होईल. वल्ली हाच त्याचा शब्द.

'इरसाल'ची गोष्ट याहून वेगळी. अरबीत इरसाल म्हणजे पाठवणी. मराठी दप्तरांत महालातून हुजुरात रवाना केलेला वसूल तो इरसाल. सरकारात भरायचे नाणे खणखणीत, पारखून घेतलेले असणार, म्हणून इरसाल म्हणजे अस्सल, निवडक. आणि निवडक म्हणायचे ते कोणाला? गावातल्या पक्क्या लबाडाला! द. मा. मिरासदारांची भोकरवाडी अशाच मंडळींनी भरलेली आहे. त्यांच्यातला कोणीही कोणाचे मोठेसे नुकसान करत नाही, पण कोणाचे काही सरळही होऊ देत नाही.

शिमग्याचे दिवस एवढेच या वयाच्या नियमाला अपवाद. होळीसाठी दारातले लाकूड, गोवऱ्या, प्रसंगी मोडके दारसुद्धा उचलून नेणे ही त्या दिवसापुरती चोरी नव्हे. कोकणात खेळ्यांबरोबर काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर येतो आणि बायकापोरांना भिववत, मोठ्यांची टर उडवत अंगणात नाचतो. त्याला कोणी हाकलत नाही, उलट पैसे देतात. तमाशाच्या गवळणीतही हेच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा तो पेंद्या यांना खोडी काढण्याचा परवानाच असतो, आणि लुगडे नेसलेला पुरुष मावशी होऊन त्यांच्याशी दोन हात करतो. या खोड्यांना व्रात्यपणा म्हणत नाहीत. 'चेष्टा' म्हणतात. संस्कृतात चेष्टा म्हणजे साधी हालचाल, शरीराचा व्यापार. मराठीने त्यात थट्टा पाहिली, आणि ती वाईट वाटली तर पुढे 'कु' लावून कुचेष्टा केली.

राहिला तो 'खोडसाळ'. खोडकर आणि खोडसाळ एकाच 'खोडी'ची भावंडे, पण धाकट्याचे पाऊल वाकडे पडले. खोडकर फक्त मुले असतात. खोडसाळ मात्र पत्रके असतात, अफवा असतात, निनावी अर्ज असतात. नेत्याचा खुलासा 'सदर वृत्त खोडसाळ व निराधार आहे' अशाच शब्दांत येतो. 'सदर वृत्त व्रात्य आहे' असे आजवर कोणी म्हटलेले नाही. वात्रटपणाला मात्र वर्तमानपत्रात हक्काची जागा मिळाली. मंगेश पाडगावकरांनी 'वात्रटिका' या नावाचा संग्रह काढला, 'सामना' चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे स्वतःच्या वात्रटिका घेऊन गावोगावच्या व्यासपीठांवर गेले, आणि राजकारण्यांना चिमटे काढणारी ती चार-सहा ओळींची चौकट दैनिकांत रोजची झाली. कधीकधी एकाच पानावर वर वात्रटिका असते आणि खाली तिच्यात ज्यांना चिमटा बसला त्यांचाच तो 'खोडसाळ'वाला खुलासा.